पावसाची बेरीज आणि माळावरचे गवत: चराईच्या संशोधनातील दोन हंगाम

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील अवर्षणप्रवण पट्ट्यात, एका मुरमाड माळावर मी चराईच्या संशोधनाला सुरुवात केली तेव्हा पाऊस जास्त तर गवत जास्त, एवढीच माझी समजूत होती. दुसऱ्याच हंगामात ती मोडली. दोन्ही वर्षी जून ते सप्टेंबर या काळातील पावसाची बेरीज जवळपास सारखीच भरली, तरी वाळलेल्या गवताच्या वजनात ठळक फरक पडला. पहिल्या वर्षी आठ-दहा दिवसांच्या अंतराने सरी येत राहिल्या होत्या. दुसऱ्या वर्षी जुलैमध्ये उघडीप लांबली आणि पुढे दोन-तीन दिवसांतच मोठा पाऊस कोसळला. उथळ मुरमात पाणी धरून ठेवायला जागा फारशी नसते, त्यामुळे त्यातले बरेचसे ओढ्याला गेले आणि बेरजेत मात्र तेही धरले गेले.

म्हणून या विषयात नव्याने येणाऱ्यांनी हंगामाच्या एकूण पावसाबरोबरच पावसाचे दिवस आणि दोन पावसांमधील सर्वांत लांब खंड यांचीही नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी. हवामान खाते २.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झालेल्या दिवसालाच पावसाचा दिवस मानते. हीच व्याख्या वापरली तर जुन्या नोंदींशी तुलना करता येते. पर्जन्यमापक स्वतःच्या प्रक्षेत्रावरच बसवावा. मी पहिल्या वर्षी जवळच्या गावातील आकडे वापरले आणि कित्येक आठवडे आलेखातील वाढीचा पावसाशी मेळ का बसत नाही, याचा शोध घेत राहिलो. वळवाची एखादी सर ओढ्याच्या अलीकडे पडते आणि पलीकडे धूळही भिजत नाही, हे गावातील कोणीही मला सांगितले असते.

उघडिपीचा परिणाम सर्व गवतांवर सारखा होत नाही. मारवेल, शेडा, डोंगरी यांसारख्या बहुवर्षायू गवतांचे ठोंब वरून वाळले तरी मुळाशी जिवंत राहतात आणि पाऊस परतला की पुन्हा फुटतात. हंगामी गवतांची रोपे मात्र पहिल्या पावसावर उगवून त्याच खंडात मरून जातात. त्यामुळे माळ सगळीकडे सारखाच पिवळा दिसला, तरी खाली बसून ठोंबाचा बुंधा बोटांनी दाबून पाहावा. तो आतून टणक आणि हिरवट लागला, तर गवत मेलेले नसते.

माझी मोठी चूक मेंढ्यांच्या संख्येबाबत झाली. तीस किलो वजनाची मेंढी दिवसाला साधारण पाऊण ते एक किलो शुष्क चारा खाते, या हिशेबाने हलक्या आणि जड चराईच्या वाफ्यांसाठी मी मे महिन्यातच मेंढ्यांची संख्या ठरवून टाकली. पहिल्या वर्षी ती निभावली. दुसऱ्या वर्षी जुलैच्या अखेरीस जड चराईच्या वाफ्यांत उघडा मुरूम दिसू लागला आणि मेंढ्या बाहेर काढाव्या लागल्या. आता घट कोरडेपणामुळे झाली की चराईमुळे, हे वेगळे करण्याचा मार्गच उरला नाही, कारण मेंढ्यांपासून राखलेले कुंपणातील वाफे मी फारच कमी ठेवले होते. मेंढ्या ज्यांच्या वाड्यातून आणल्या होत्या, ते मेंढपाळ काका सुरुवातीलाच म्हणाले होते, ‘‘सायेब, मेंढरं मोजून आणलीत, पण पाऊस कुठं मोजून आलाय?’’ मी तेव्हा हसलो होतो. संख्या उभ्या चाऱ्याचे मोजमाप घेऊन दर पंधरवड्याला बदलावी आणि ती कधी व कशी बदलायची, याचा नियम प्रयोगाच्या आराखड्यात आधीच लिहून ठेवावा. नंतर ठरवलेला नियम परीक्षक मान्य करत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

मोजमापाची पद्धत साधी, पण कंटाळवाणी आहे. एक मीटर बाजूची चौकट टाकायची, आतील गवत विळ्याने दरवेळी ठरावीक उंचीवर कापायचे, कागदी पिशवीत भरायचे आणि सुमारे ६५ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचे. याला बहुधा ४८ तास लागतात. हिरव्या वजनावर विसंबू नये, कारण दवाने भिजलेले सकाळचे गवत आणि दुपारचे गवत यांच्या वजनातच फरक असतो. पिशवीवर पेन्सिलीनेच लिहावे. माझ्या एका फेरीतील पिशव्यांवरची शाई ओल्या गवताने पसरली आणि दिवसभराचे काम फुकट गेले.

उपग्रहाची चित्रे मदतीला असतात. सेंटिनेल-२ ची चित्रे दहा मीटरपर्यंतचा तपशील देतात आणि साधारण पाच दिवसांनी मिळतात. पण गवत सर्वांत वेगाने वाढते त्या जुलै-ऑगस्टमध्येच आकाश ढगांनी भरलेले असते. त्या आठवड्यांसाठी चौकट आणि विळा यांना पर्याय नाही.

नमुने घेण्याचे दिवस तारखेवर ठरवू नयेत, गवताच्या अवस्थेवर ठरवावेत. फुलोऱ्यानंतर चाऱ्यातील प्रथिने घटत जातात आणि पाऊस उशिरा सुरू झाला की फुलोऱ्याची वेळही सरकू शकते. एकाच तारखेला दोन वर्षांचे नमुने घेतले, तर कोवळ्या गवताची तुलना जून झालेल्या, राठ गवताशी होते. कुसळी गवत पिकले की त्याची कुसळे दमटपणात उलगडतात आणि कोरड्या हवेत पुन्हा पिळली जातात. अशीच ती मातीत शिरतात, मेंढीच्या लोकरीतून कातडीतही शिरतात. त्या आठवड्यात मेंढ्या चांगले उभे गवत टाळतात. माझ्या वहीत त्या दिवसांपुढे ‘चारा भरपूर, चराई कमी’ असे लिहिलेले आहे, आणि त्याचे कारण मला सायंकाळी स्वतःच्या मोज्यांतून कुसळे उपटताना कळले.