क्वार्टरबॅकच्या पगाराचा हिशेब कसा मांडावा

अमेरिकन फुटबॉलचा संघ वहीत बांधून पाहायचा असेल, तर आपल्या रत्नागिरी-मालवणच्या वाचकाला मासेमारी नौकेच्या हिशेबाचा चांगला आधार घेता येतो. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू हाती घेऊन संघाचे आक्रमण चालवणारा खेळाडू; नौकेवरच्या तांडेलासारखाच. तांडेल कुशल हवाच. पण त्याला दिल्यानंतर डिझेल, बर्फ, जाळी आणि खलाशी यांसाठी काय उरते, हेही तितकेच पाहावे लागते. एनएफएल या अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये १९९४पासून वेतनमर्यादा, म्हणजे एका संघाने सर्व खेळाडूंवर मिळून वर्षाला करायच्या खर्चाची मर्यादा, असल्याने मालक कितीही श्रीमंत असला, तरी ही विवंचना त्याला सुटलेली नाही.

वहीच्या माथ्यावर प्रथम त्या वर्षाची मर्यादा लिहावी. २०२४मध्ये ती ३२ही संघांसाठी २५ कोटी ५४ लाख डॉलर होती. मुख्य संघात ५३ खेळाडू असतात. त्याच वर्षी डॅलस संघाचा क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉट याने चार वर्षांसाठी २४ कोटी डॉलरचा वाढीव करार केला, म्हणजे वर्षाला सरासरी सहा कोटी; त्या वर्षीच्या मर्यादेच्या २३ टक्क्यांहून अधिक.

मात्र ही सरासरी जशीच्या तशी खर्चाच्या रकान्यात लिहू नये. पावसाळी बंदी उठण्याआधी खलाशाला उचल दिली जाते आणि तो मध्येच निघून गेला, तर ती रक्कम नौकेच्या खात्यावर अडकून राहते. साइनिंग बोनसचेही, म्हणजे करारावर सही केल्याबद्दल मिळणाऱ्या रकमेचेही, तसेच आहे: पैसे खेळाडूला लवकर मिळतात, पण मर्यादेत ते जास्तीत जास्त पाच वर्षांत समान विभागून धरले जातात. पाच कोटींचा बोनस असेल, तर दरवर्षी एक कोटी मोजावे. दोन वर्षांनी खेळाडूला सोडले, तर उरलेले तीन कोटी तो मैदानात नसतानाही संघाच्या माथी बसतात. डेन्व्हरने मार्च २०२४मध्ये क्वार्टरबॅक रसेल विल्सनला मुक्त केले, तेव्हा असा सुमारे साडेआठ कोटींचा भार दोन हंगामांवर पडला. म्हणून रोख दिलेली रक्कम आणि मर्यादेत धरलेली रक्कम यांचे रकाने वेगळे ठेवावेत.

माझ्या मते यापुढची पायरी सर्वांत मोलाची आहे. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील २०११च्या करारापासून नवोदितांचे वेतन ड्राफ्टमधील (संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेतील) क्रमांकानुसार जवळजवळ ठरलेले असते आणि ड्राफ्टमधून आलेल्या खेळाडूचा पहिला करार चार वर्षांचा असतो. हाच विल्सन २०१२मध्ये तिसऱ्या फेरीत निवडला गेला आणि त्याच स्वस्त करारावर खेळत असताना सिअ‍ॅटल फेब्रुवारी २०१४मध्ये विजेता ठरला. अशी वर्षे वहीत ठळक करावीत आणि त्या काळात वाचलेला पैसा बचावफळी व क्वार्टरबॅकचे रक्षण करणारी ऑफेन्सिव्ह लाइन यांवर खर्च करावा.

मोठा करार झाल्यावर विजय अशक्य होतो, असे नाही. कॅन्सस सिटीने २०२०मध्ये क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सशी दहा वर्षांचा, ४५ कोटींचा वाढीव करार केला. मार्च २०२२मध्ये टायरीक हिलसारखा वेगवान रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) मायामीला देऊन ड्राफ्टमधील पाच निवडी घेतल्या आणि पुढचे दोन्ही हंगाम जिंकले. लाडका खेळाडू सोडणे चाहत्यांना बोचते, तरीही अशा वेळी कोणाची जागा तरुण, कमी वेतनाचा खेळाडू घेईल, हे करारावर सही होण्याआधीच नावानिशी लिहावे.

एनएफएलचा अंतिम सामना, सुपर बोल, आपल्याकडे सोमवारी पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतो. तोपर्यंत दोन्ही संघांची पाने भरून ठेवावीत आणि सामना पाहताना क्वार्टरबॅकसमोर उभ्या असलेल्या पाच जणांवर किती खर्च झाला आहे, ते पडताळून पाहावे.