गणपती ते दिवाळी: घरची सजावट आटोपशीर कशी करावी

भाद्रपदात मखर, आश्विनात घट आणि दसऱ्याचं तोरण, ते सुकतंय तोवर दिवाळीचा कंदील. जेमतेम दोन महिन्यांत घर तीनदा सजतं आणि तीनदा उतरतं. प्रत्येक वेळी काहीतरी नवं विकत येतं, जुनं माळ्यावर जातं आणि तिथेच राहतं. यावर उपाय म्हणून ‘यंदाची थीम ठरवा’, ‘झाकणाचे सुंदर डबे आणा’ असले सल्ले दिले जातात. सामान कमी करायला आणखी सामान आणायचं, हे मुळातच चुकीचं आहे.

त्यापेक्षा घरातल्या तीन जागा पक्क्या करा: दार, देव्हारा आणि गॅलरी. दाराला तोरण, देव्हाऱ्यात समई आणि फुलं, गॅलरीत कंदील. बाकी घर फक्त स्वच्छ हवं. भिंतींवरच्या झालरी, टीव्हीभोवतीच्या लाइटच्या माळा, टीपॉयवरची प्लास्टिकची कमळं यांची गरज नाही. कंदिलाचा सांगाडा सोडला तर या तीन जागांना लागणारं सगळं सामान एका मध्यम खोक्यात मावलं पाहिजे.

पितृपक्षात माळा रिकामा करा

या पंधरवड्यात बहुतेक घरांत नवी खरेदी होत नाही, म्हणून आवराआवरीला हाच काळ उत्तम. दिवाळीच्या साफसफाईपर्यंत थांबलात तर घाईत सगळं पुन्हा वरच जातं. सगळं खाली उतरवा आणि एक दिवस कडक उन्हात ठेवा. पावसाळाभर माळ्यावर राहिलेल्या कापडाला आणि कागदाला ओल धरलेली असते. ती नुसती पुसली तर बुरशीचा वास परत येतो. काळे ठिपके पडलेला कागद आणि पुठ्ठा ठेवू नका, त्याची बुरशी शेजारच्या वस्तूंना लागते.

थर्माकोलची मखरं अजून पडून असतील तर आता काढा. अशा सजावटीवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. तुकडे करून ओल्या कचऱ्यात टाकू नका, सुक्या कचऱ्यात स्वतंत्र द्या. लाइटच्या माळांपैकी एकच ठेवा. ज्या माळेला चिकटपट्टी गुंडाळलेला जोड आहे ती, दिवे लागत असले तरी, बाद. ठेवायची माळ पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळा.

दसऱ्याचं तोरण: एक सर पुरते

तीन फुटी दाराला सव्वा मीटरचा दोरा घ्या. मध्यम आकाराचा झेंडू एकमेकाला टेकवून ओवला तर मीटरला वीस ते पंचवीस फुलं बसतात, म्हणजे पाव-अर्धा किलोत काम होतं. पाणी मारलेली फुलं घेऊ नका, ती आतून काळी पडतात. सुई देठाकडच्या हिरव्या भागातून घाला. पाकळ्यांमधून घातली की फूल दुसऱ्या दिवशी दोऱ्यावरच सुटतं. पाच-सहा फुलांनंतर आंब्याचं एक पान, बस. आपट्याची फांदी पूजेपुरती एकच आणा, झाडं ओरबाडून आणलेले भारे विकत घेऊ नका.

तोरण उतरलं की आंब्याची पानं आणि दोरा वेगळा करा, फुलं कागदावर पसरून सावलीत सुकवा. सुकलेल्या पाकळ्या दिवाळीत रांगोळीला उपयोगी पडतात, उरलेलं कुंडीत जातं.

कोजागिरीला दूध आणि चांदणं असतं, तिथे सजावट नको.

कंदील: सांगाडा एकदाच, कागद दरवर्षी

सगळ्यात जास्त पसारा दरवर्षीच्या नव्या कंदिलानं होतो. पारंपरिक कामट्यांचा सांगाडा नीट बांधला तर कित्येक वर्षं टिकतो, फक्त कागद बदलावा लागतो. पण बहुतेकांचा पहिला सांगाडा तिरका होतो, कागदाला सुरकुत्या पडतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा प्लास्टिकचा कंदील घरात येतो. म्हणून ही पायरी सावकाश करा. एक सुट्टी सांगाड्याला आणि एक कागदाला द्या. दोन्ही एका संध्याकाळी उरकू नका.

लागतं ते असं: चार-पाच मिलिमीटर रुंदीच्या बांबूच्या २२ सेंटिमीटरच्या २४ कामट्या आणि ३० सेंटिमीटरच्या दोन, जाड सुती दोरा, फेव्हिकॉल, आणि पतंगाच्या कागदाचे चार ताव. पुण्यात बुरुड आळीत कामट्या तासून मिळतात. परदेशात राहणाऱ्यांनी कबाब भाजायच्या बांबूच्या ३० सेंटिमीटरच्या काड्या घेतल्या तरी चालतात, फक्त त्या बारीक असल्यानं कंदील लहान करा. खराट्याचे हीर वापरू नका, ते वाकतात. कामट्या हिरव्या असतील तर आधी दोन दिवस उन्हात वाळवा. बांबू वाळताना आक्रसतो आणि बांधून झाल्यावर आक्रसला की सगळ्या गाठी सैल पडतात.

आता पहिली खरी अडचण. सगळे जण कामट्या सारख्या लांबीच्या कापतात आणि तरी कंदील वाकडा येतो, कारण महत्त्वाचं असतं ते गाठीपासून गाठीपर्यंतचं अंतर. प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून एक सेंटिमीटरवर पेन्सिलची खूण करा. दोन खुणांमध्ये बरोबर २० सेंटिमीटर आले पाहिजेत. गाठ खुणेवरच बसवायची. टोकं बाहेर थोडी कमी-जास्त राहिली तर काही बिघडत नाही.

चार-चार कामट्यांचे चार चौकोन बांधा. दोरा फुलीच्या दोन्ही दिशांनी, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा, चार-पाच वेळा फिरवून गाठ मारा, पण फेव्हिकॉल अजून लावू नका. चारही चौकोन कोपऱ्यावर उभे धरा आणि शेजारच्या चौकोनांचे डावे-उजवे कोपरे एकमेकांना बांधून गोल पूर्ण करा. वरच्या चार टोकांना चार कामट्यांनी जोडलं की वरचा चौकोन होतो, तसाच खालचा. मध्ये आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. प्रत्येक कोपऱ्यात चार कामट्या आल्या की बांधणी बरोबर.

इथे सांगाडा हातात घेतला की तो डुलतो. वरचा चौकोन दाबला तर अख्खा सांगाडा पीळ घेत खाली बसतो. बरेच जण समजतात गाठी सैल आहेत, आणि दोरा आवळत बसतात. गाठींचा दोष नसतो. त्रिकोणाचा आकार बदलत नाही, पण चार काठ्यांचा चौकोन कुठल्याही बाजूला कलतो, आणि या सांगाड्यात असे सहा चौकोन आहेत. कागद लावल्यावर घट्ट होईल या भरवशावर पुढे जाऊ नका. कागद लागतो तो कललेल्या अवस्थेत, आणि कंदील कायमचा तिरका होतो.

उपाय कर्णाचा आहे. ३० सेंटिमीटरच्या दोन कामट्या वरच्या आणि खालच्या चौकोनात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत आडव्या बांधा. बाजूच्या चार चौकोनांत दोन्ही कर्णांवर दोरा ताणून फुली करा. एकच दोरा पुरत नाही, कारण दोरा ताण सहन करतो, दाब नाही. चौकोन उलट्या बाजूला कलला की तो ढिला पडतो. बांधताना दर चौकोनाचे दोन्ही कर्ण टेपनं मोजत जा. दोन्ही २८ सेंटिमीटरच्या आसपास आणि एकमेकांइतके भरले की चौकोन काटकोनात आहे. सहाही जुळले, सांगाडा टेबलावर ठेवून डुलत नाही हे पाहिलं, की मग प्रत्येक गाठीवर फेव्हिकॉलचा थेंब टाका आणि रात्रभर हलवू नका. आधी फेव्हिकॉल टाकलात तर चूक दुरुस्त करता येणार नाही.

कागद

बाजूचे चार चौकोन आणि आठ त्रिकोण झाकायचे, वरचा आणि खालचा चौकोन उघडा ठेवायचा. वरून उष्णता जाते, खालून बल्ब बदलता येतो. रंग दोनच घ्या: चौकोनांना केशरी किंवा पिवळा, त्रिकोणांना पांढरा. गडद निळा आणि गडद हिरवा प्रकाश गिळतात, दिवसा छान दिसतात आणि रात्री काळे पडतात. जिलेटीन कागद खळीनं चिकटत नाही. क्रेप कागद परतीच्या पावसाच्या दमट हवेत लोंबतो आणि रंग सोडतो. म्हणून पतंगाचाच कागद घ्या.

खळ घरी करा: दोन टेबलस्पून मैदा एक कप गार पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवा आणि मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळत शिजवा. कोमट झाली की वापरा, उरलेली टाकून द्या. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, पण मोरचूद विषारी आहे. लहान मुलं हात घालणार असतील तिथे तो आणूच नका.

कागद आकृतीवरून कापू नका. सांगाडा तावावर टेकवा, त्या बाजूचा प्रत्यक्ष आकार पेन्सिलनं गिरवा, चारही बाजूंनी दीड सेंटिमीटर जास्त ठेवून कापा आणि तुकड्याला व त्या बाजूला एकच क्रमांक द्या. हाताने बांधलेल्या सांगाड्याच्या कुठल्याही दोन बाजू अगदी सारख्या नसतात.

सुरकुत्या पडण्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: खळ कागदाला लावलेली असते. पातळ कागद ओला झाला की फुगतो, आणि कडा फुगल्या की मध्ये लाटा येतात. खळ कामटीला लावा, बोटानं, पातळ. कोरडा कागद वर टेकवा, आधी एक बाजू, मग समोरचा कोपरा किंवा बाजू हलकेच ओढून. जास्तीची कड कोपऱ्यांत कात्रीनं तिरकी छेदून कामटीभोवती आत दुमडा. जोरात ताणू नका. या वेळी कागद थोडा ढिला असलेलाच बरा.

आधी सगळे त्रिकोण, मग चौकोन. एकाच अंगाचे तुकडे सलग लावू नका, समोरासमोरच्या बाजू आळीपाळीनं घ्या, म्हणजे वाळताना ओढ एकाच दिशेला जात नाही. सगळं चिकटवून झालं की पंख्याखाली नको, सावलीत पाच-सहा तास वाळू द्या.

खळ पूर्ण वाळल्यावर स्प्रेच्या बाटलीनं दीड-दोन फुटांवरून कागदावर अगदी बारीक पाणी फवारा, नुसता दमट होईल इतकंच. वाळताना कागद आक्रसतो आणि डफासारखा ताठ होतो. बारीक सुरकुत्या निघून जातात. पण रंगीत कागदाचा तुकडा आधी ओल्या पांढऱ्या कापडावर दाबून बघा. रंग उतरत असेल तर फवारणी फक्त पांढऱ्या त्रिकोणांवर करा. आणि कागद आधीच ओढून लावला असेल तर फवारू नका, आक्रसताना तो कामटीलगत फाटतो.

झिरमिळ्या खालच्या चार कोपऱ्यांना, साधारण दोन फुटांच्या. कडेच्या कागदी करंज्या सुंदर दिसतात, पण त्यांना वेळ भरपूर लागतो आणि ठेवताना त्या चेपतातच. आटोपशीर कंदिलाला झिरमिळ्या पुरतात.

होल्डर वरच्या आडव्या कामटीला बांधा, बल्ब सांगाड्याच्या मधोमध यावा. पाच ते सात वॅटचा पिवळसर एलईडी घ्या. जुना ४० किंवा ६० वॅटचा बल्ब कागदाजवळ लावू नका, तो तापतो. कंदिलाचा भार वायरवर कधीच देऊ नका: वरच्या चार कोपऱ्यांतून चार दोऱ्या काढून वर एकत्र बांधा आणि वायर त्यांच्या शेजारून ढिली सोडा. गॅलरीत वायरला मध्ये जोड नको. कंदील छताखालीच टांगा. कडेबाहेर लोंबवला तर पावसाची एक सर आली की कागद गेला.

दिवाळीचे दिवस

पणत्या मातीच्या, पाच ते सात. वापरण्याआधी दोन तास पाण्यात बुडवून ठेवा, तेल कमी पितात. रांगोळी एकच, दारात. देव्हाऱ्यात रोजची फुलं.

उतरवणं

कंदील तुळशीच्या लग्नापर्यंत किंवा त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत ठेवतात, त्यानंतर लगेच उतरवा. कागद फाडून काढा, तो ठेवायचा नाही. मग ओल्या फडक्यानं कामट्यांवरची खळ पुसून काढा. हे काम सगळे टाळतात आणि त्यामुळेच सांगाडे खराब होतात: मैद्याच्या खळीला झुरळं आणि कसर लागते, आणि खळ संपली की ती दोऱ्याकडे वळतात. पुसल्यावर एक दिवस उन्हात.

होल्डर आणि वायर सुटी करून लाइटच्या माळेबरोबर खोक्यात ठेवा. पणत्या धुऊन, वाळवून, वर्तमानपत्रात गुंडाळा. रांगोळी घट्ट झाकणाच्या बाटलीत. कापडी वस्तू सुती पिशवीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते आणि गणपतीपर्यंत कापडावर ठिपके पडतात.

सांगाडा खोक्यात कोंबू नका आणि त्याच्यावर काही ठेवू नका. भिंतीच्या वरच्या भागात एक खिळा मारून त्याला टांगा, वर जुना सुती पंचा टाका. पुढच्या वर्षी घटस्थापनेच्या सुमारास खाली काढा आणि बारा कोपरे बोटांनी एकेक करून हलवून पाहा. जी गाठ हलेल तिच्यावर जुन्या दोऱ्यावरूनच नवा दोरा आवळा, फुलीचे सैल दोरे बदला, कर्ण पुन्हा मोजा. घट्ट गाठींना हात लावू नका.