गल्लीतला मांडव: आवाज आतच ठेवणारी स्पीकरची मांडणी

मागच्या रांगेला ऐकू येत नाही म्हटलं की साऊंडवाला आवाज वाढवतो आणि शेजारच्या इमारतीतल्या तान्ह्या बाळाची झोप उडते. वास्तविक ऐकू न येण्याचं कारण बहुतेक वेळा पॉवर नसून मांडणी असते.

आधी मर्यादा. ध्वनिप्रदूषण नियम 2000 प्रमाणे निवासी क्षेत्राचं मानक दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. सार्वजनिक जागी लावलेल्या ध्वनिक्षेपकाचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर मानकापेक्षा फार तर 10 डेसिबलने जास्त चालतो, म्हणजे निवासी गल्लीत दिवसा 65. रुग्णालय, शाळा किंवा न्यायालयापासून 100 मीटरच्या आत मांडव असेल, तर परवानगीचा अर्ज करण्याआधी पोलीस ठाण्यात शांतता क्षेत्राबद्दल विचारून घ्या.

आता स्पीकर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. मंचावरच्या एकाच स्पीकरने 32 मीटरवरच्या रांगेला 70 डेसिबल द्यायचे, तर त्याच्यापासून 1 मीटरवर 100 डेसिबल लागतात. तेच दर 8 मीटरला एक छोटा कॉलम (उभा, अरुंद स्पीकर) लावला, तर प्रत्येक कॉलमला 1 मीटरवर 88 पुरतात. पुढच्या रांगेचे कान वाचतात आणि हद्दीबाहेर जाणारा आवाजही बराच घटतो. कॉलम मांडवाच्या कडेला अडीच-तीन मीटर उंचीवर, घरांकडे पाठ करून लावा आणि तोंड खाली, बसलेल्या माणसांवर झुकवा. नुसतं आत वळवून सरळ ठेवलं, तर आवाज डोक्यांवरून समोरच्या घरांत शिरतो. खाली झुकवला की माणसांचे कपडे आणि अंगच तो बराचसा शोषून घेतात. कर्णा (भोंगा) नकोच. कनातीच्या कापडाने आवाज अडत नाही, त्याच्या भरवशावर राहू नका.

मागचे शब्द दुहेरी ऐकू आले, तर मिक्सरवर मागच्या कॉलमना डीले द्या, म्हणजे त्यांचा आवाज किंचित उशिरा सोडा: मंचापासूनच्या दर मीटरला सुमारे 3 मिलिसेकंद. 24 मीटरवरच्या कॉलमला साधारण 70.

माईक तोंडापासून 5 सेंटिमीटरवर धरायचा. निवेदकाने तो 20 सेंटिमीटरवर नेला की माईकमध्ये शिरणारा आवाज साधारण 12 डेसिबलने पडतो. मग गेन (मिक्सरवर माईकचा आवाज उचलणारी खुंटी) वाढवला जातो, शिट्टी सुटते, आणि ती दाबायच्या नादात सगळ्याच खुंट्या फिरतात. ही सवय एका संध्याकाळी सुधारता येते आणि खर्च शून्य. माईक नेहमी स्पीकरच्या मागे राहील असं पाहा.

बेस, म्हणजे खोल घुमणारा आवाज, हा सगळ्यात हट्टी भाग. भिंती आणि बंद खिडक्यांतून हाच आत जातो, भांडी आणि काचा हाच थरथरवतो. तरी आवाज मोजायच्या मीटरवर तो कमीच दिसतो, कारण कानाच्या संवेदनेप्रमाणे मोजणारं ‘ए’ मापन 63 हर्ट्झचा खोल आवाज सुमारे 26 डेसिबलने कमी धरतं. म्हणून बेस जवळजवळ पूर्ण धरणारं ‘सी’ मापनही घ्या. दोन्हींत 15 डेसिबलहून जास्त फरक आला, तर बेस उतरवा. आरती आणि निवेदनासाठी माईकच्या चॅनेलवरचं लो-कट (बेस कापणारं) बटण कायम दाबलेलं ठेवा. डीजेची सबवूफरची भिंत गल्लीत आणूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मोजणी हद्दीवर करा: मीटर जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंच, भिंतीपासून दूर, ‘स्लो’वर (चढउतार सावकाश दाखवणाऱ्या सेटिंगवर). मोबाईल अ‍ॅप पुरावा म्हणून चालत नाही, पण कालच्या-आजच्या तुलनेला उपयोगी आहे. हद्दीवर 65 येतात तिथे मास्टर फेडरच्या (सगळा आवाज एकत्र कमी-जास्त करणाऱ्या सरकपट्टीच्या) बाजूला चिकटपट्टी लावा आणि त्यापुढे जायचं नाही असं ठरवा. तासाभरात कान सरावतात आणि ऑपरेटरला आवाज कमी वाटू लागतो. त्याचं टेबल मंचामागे नको, श्रोत्यांत हवं.

रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकारने जाहीर केलेल्या ठरावीक दिवशीच, वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस, मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते. म्हणून शेवटचा कार्यक्रम साडेनऊला संपेल असाच आखा.

मांडवाबाहेर एका कार्यकर्त्याचा मोबाईल नंबर लावा. शेजाऱ्याचा फोन आला, तर त्याच्या घरात जाऊन ऐका. आधी बेस उतरवा, तरी त्रास राहिला तर त्या घराच्या दिशेचा कॉलम, आणि मास्टर सगळ्यात शेवटी.