लांबच्या प्रवासासाठी गाडीची सीट बदलताय? या चुका टाळा

संभाजीनगरहून नांदेडला गाडीवर जायचं म्हणजे अडीचशे किलोमीटरच्या वरची बैठक. समृद्धीवर दुचाकीला परवानगी नाही, त्यामुळे जालना, परभणी करतच जावं लागतं. परभणी येईपर्यंत बुडाला रग लागते, माणूस एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलत राहतो आणि घरी पोचल्यावर ठरवून टाकतो, आता चांगली जाड, मऊ गादी बसवायची. बहुतेकांची पहिली चूक इथंच होते.

मऊ सीटला भुलणं

दुकानात आपण सीट हाताने दाबून बघतो. तळहाताला जे छान लागतं ते बुडाला तीन तासांनी छान लागेलच असं नाही. बसल्यावर अंगाचं बरंचसं वजन बुडाखालच्या दोन हाडांवर येतं. फोम फार मऊ असेल तर तो या हाडांखाली पुरता दबतो आणि तुम्ही खालच्या प्लॅस्टिकच्या नाहीतर पत्र्याच्या तळावर बसल्यासारखे होता. बाजूचा न दबलेला फोम मग मांड्यांना आणि मधल्या नाजूक भागाला वर रेटतो. तिथलं रक्त अडतं, मुंग्या येतात.

फोमवाला "चाळीस डेन्सिटीचा टाकतो" म्हणेल. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोतलं वजन. ती चांगली असेल तर फोम लवकर खचत नाही, पण तो किती कडक आहे हे त्यावरून कळत नाही. ते वेगळं विचारा. फोमचे तुकडे दाबून केलेला रीबॉन्डेड फोम एकटाच वापरला तर दगडासारखा लागतो, खालचा थर म्हणून मात्र उत्तम. माझ्या मते खाली कडक थर आणि वर इंचभर जरा मऊ थर हीच रचना आपल्याकडच्या रस्त्यांना मानवते. पक्का सौदा करण्याआधी गाडी मेन स्टँडला लावून निदान अर्धा तास त्या सीटवर बसा. दुकानदाराला सांगूनच बसा. चांगला कारागीर नाही म्हणणार नाही.

कुठं दुखतं ते न पाहता सीट बदलणं

ही चूक सगळ्यात महागात पडते, कारण पुष्कळदा दोष सीटचा नसतोच. पुढच्या लांबच्या फेरीत दर थांब्यावर नेमकं काय दुखतंय याकडे लक्ष द्या.

बुडाची दोन हाडं ठणकत असतील तर फोम खचला आहे किंवा सीट तुमच्या हाडांपेक्षा अरुंद आहे. रुंदी काढायला खोक्याचा पुठ्ठा कडक बाकावर ठेवा, त्यावर थोडं पुढे वाकून बसा आणि उठून दोन खळग्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजा. सीटचा सपाट भाग त्याहून चांगला रुंद हवा.

माकडहाड दुखत असेल तर तुम्ही पाठीला पोक काढून बसता आहात. मऊ गादीत रुतल्यावर असं होतंच. मांड्या आतून सोलवटत असतील तर सीटच्या पुढच्या कडा रुंद किंवा धारदार आहेत. तेवढ्याच तासून गोल करून घ्या. जीन्सच्या जाड शिवणीनंही हेच होतं, तेव्हा आधी पँट बदलून बघा.

पुढच्या बाजूला बधिरपणा येत असेल तर सीटला टाकीकडे उतार आहे आणि ब्रेक मारला की तुम्ही घसरता. इथं मऊ फोम घालून काही साधत नाही, सीटची पातळी सुधारावी लागते. हा बधिरपणा गाडीवरून उतरल्यावरही बराच वेळ राहत असेल तर लाजू नका, डॉक्टरांना दाखवा.

कंबर, खांदे, मनगटं दुखत असतील तर हँडल लांब आहे. आणि खड्ड्यागणिक मणक्यात हादरा बसत असेल तर शॉकअपची सेटिंग आणि टायरमधली हवा तपासा. हे काम फुकटात होतं.

एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. धुळे-सोलापूर महामार्गासारख्या सरळ, गुळगुळीत रस्त्यावर बूड जास्त दुखतं, कारण शरीर तासन्‌तास एकाच जागी राहतं. खराब रस्त्यावर आपण नकळत उठतो, सरकतो. म्हणून महामार्गावर तासाभराने थांबून पाच मिनिटं चाला. उत्तम सीटनंही या चालण्याची गरज संपत नाही.

उन्हाचा विचार न करणं

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो. ढाब्याबाहेर उन्हात लावलेल्या गाडीचं काळं रेक्झिन तव्यासारखं तापतं. वरच्या वर बसवलेली जेलची गादी ही उष्णता धरून ठेवते आणि लवकर सोडत नाही. जेल घ्यायचंच असेल तर ते फोमच्या पातळ थराखाली बसवून घ्या. खेळती हवा राहील असं जाळीचं कव्हर स्वस्त आहे आणि घामाचा त्रास पुष्कळ कमी करतं. हवेची उशी घेतली तर ती फुगवून टणक करू नका. तुम्ही बसल्यावर सीट आणि बूड यांच्यात जेमतेम अर्धा इंच हवा राहिली पाहिजे. जास्त फुगवली की वळणावर बैठक डुगडुगते.

मूळ सीटलाच कात्री लावणं

कापलेला फोम परत जोडून पहिल्यासारखा होत नाही. त्याच मॉडेलची जुनी सीट भंगारातून किंवा गॅरेजमधून मिळवा, प्रयोग तिच्यावर करा. उंचीही लक्षात ठेवा: स्प्लेंडरची सीट ७८५ मिमीवर, क्लासिक ३५० ची ८०५ मिमीवर. त्यात इंचभर फोम वाढवला की बेताच्या उंचीच्या माणसाचे पाय सिग्नलला अधांतरी. नव्या कव्हरची शिवण बसायच्या जागेवर येऊ देऊ नका. तिथून पावसाचं पाणी आत झिरपतं आणि फोम दिवसेंदिवस ओला राहतो.

मागे बसणाऱ्याला विसरू नका. तुळजापूर, परळी, औंढा नागनाथ, आपल्या बहुतेक लांबच्या फेऱ्या डबलसीट होतात आणि सीट मात्र चालवणाऱ्याच्या मापाची बनते. घरच्या माणसाला दुकानात सोबत न्या, मागे बसवा, पाय फुटरेस्टवर नीट टेकतात का ते बघा.

सीट घरी आणताना ती उलटी करून खालची रबरी बटणं जागेवर आहेत का पाहा. ती गळाली की तळ चेसिसवर आपटून तडकतो, खालची वायरिंग घासली जाते. कुलूप एका दाबात लागतंय ना, हेही तिथंच तपासा, आणि जुनी गादी दुकानात सोडून येऊ नका.