भाड्याच्या तुकड्यावर भाजीपाला: रोज जाणं जमत नसेल तर

परसबागेत पानावर अळी दिसली की त्याच दिवशी वेचता येते. सामायिक बागेत भाड्याने घेतलेल्या तुकड्यावर आठवड्यातून दोन-तीनच फेऱ्या होतात. मधल्या दिवसांत ऊन, तण आणि किडी आपापलं काम करत राहतात. त्यामुळे तिथला प्रत्येक निर्णय आपण नसलेल्या दिवसांचा विचार करून घ्यावा लागतो.

ताबा घेण्याआधी

सगळ्यात आधी नळ किती लांब आहे ते पाहा. भर उन्हाळ्यात वाफ्याला आठवड्याला साधारण 25 मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे दर चौरस मीटरला 25 लिटर. दहा चौरस मीटर वाफ्यांसाठी हे 250 लिटर झालं, 10 लिटरच्या पंचवीस झाऱ्या. नळ 50 मीटरवर असेल आणि एका वेळी एकच झारी उचलत असाल, तर जाऊन-येऊन अडीच किलोमीटर चाल होते, त्यातली निम्मी भरल्या झारीने. पाइप लावायला परवानगी आहे का, पिंप ठेवता येईल का, हे तेव्हाच विचारून घ्या. पाण्यापायी तुकडा सोडून देणारे बरेच असतात.

मग ऊन पाहा. टोमॅटो, मिरची, वांगी, काकडी यांना रोज सहा ते आठ तास थेट ऊन हवं. पालेभाज्या चार तासांतही निभावतात. पाण्याचा निचरा तपासण्यासाठी 30 सेंटिमीटर खोल खड्डा काढा, पाण्याने भरा, ते पूर्ण जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी पाणी तासाला दोन-पाच सेंटिमीटर उतरलं तर उत्तम. एक सेंटिमीटरही उतरत नसेल तर सपाट वाफ्यात मुळं कुजतील. तिथे 20 सेंटिमीटर उंचीचे गादीवाफे करावेच लागतात.

पहिल्या हंगामात एक तृतीयांश जमीनच लागवडीखाली घ्या. उरलेल्या भागावर जाड काळं प्लास्टिक किंवा पुठ्ठ्याचे दोन-तीन थर अंथरून कडा दगडांनी दाबा. उजेड न मिळाल्याने बहुतेक तण एका हंगामात मरतं. हरळी मात्र कडेने परत शिरते, आणि लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत जिवंत राहतात. जिथे हरळी-लव्हाळा आहे तिथे यंत्राने मशागत करू नका. पात्यांनी हरळीचे तुकडे होतात आणि प्रत्येक पेराला नवा कोंब येतो. लव्हाळ्याच्या गाठीही सगळीकडे पसरतात. तिथे बागकामाच्या दातेरी काट्याने माती सैल करून हाताने वेचणं हाच उपाय, आणि तो दोन-तीन वर्षं चालतो.

वाफे आणि खत

वाफ्याची रुंदी 1.2 मीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि मातीवर पाय पडत नाही. मधली वाट 45 सेंटिमीटर ठेवा. माती वाफशावर असतानाच हात घाला: मूठभर घेऊन दाबावी, बोटाने टोचल्यावर गोळा फुटला तर काम करा. गोळा चिकटून राहिला, तर त्या दिवशी खोदलेल्या चिकणमातीची ढेकळं हंगामभर फुटत नाहीत.

वाफ्यावर पाच सेंटिमीटर जाडीचा कुजलेल्या खताचा थर द्या. हे चौरस मीटरला 50 लिटर होतं. कच्चं शेण घालू नका. त्याने रोपं करपतात, गाजर-मुळ्याला फाटे फुटतात आणि तणाचं बी फुकट येतं.

बाहेरून आणलेल्या शेणखताची एक अडचण फारशी कोणाला माहीत नसते. गवतावर अमायनोपायरॅलिडसारखं तणनाशक मारलेलं असेल, तर ते जनावराच्या पोटातून न बदलता शेणात उतरतं आणि महिनोन्‌महिने टिकतं. टोमॅटो आणि घेवडावर्गाची नवी पानं मग वाटीसारखी वळतात, शेंडे पिळवटतात. रोग समजून त्यावर फवारण्या होतात, त्यांचा काही उपयोग नसतो. खत वापरण्याआधी ते मातीत निम्मंनिम्मं मिसळून तीन कुंड्यांत घेवडा पेरा, आणखी तीन कुंड्यांत नुसत्या मातीत. तीन आठवडे थांबा. खताच्या कुंड्यांतलीच पानं वळली, तर ते खत भाजीला घालू नका.

काय लावायचं

काही पिकं तुमची वाट पाहतात. कांदा, लसूण, बटाटा, बीट, रताळी आणि लाल भोपळा तोडणी-काढणीला आठवडाभर उशीर झाला तरी बिघडत नाहीत. भेंडी, काकडी, दोडका आणि घेवड्याच्या कोवळ्या शेंगा थांबत नाहीत. भेंडी फूल उमलल्यावर पाच ते सात दिवसांत तोडायची असते. त्यानंतर तिच्यात धागा धरतो. शिवाय जून फळं वेलावर राहिली की झाडाचा जोर बियांकडे जातो आणि नवीन फूल कमी येतं. एक तोडा चुकला, की पुढचे दोन-तीन हलके पडतात. दोनच फेऱ्या होत असतील तर काकडीचे दोन वेल, भेंडीची आठ-दहा झाडं पुरेत, आणि बाकी जागा थांबणाऱ्या पिकांना द्या.

पालेभाज्या आणि मुळा थोडाथोडा पेरा. मुळा 25 ते 30 दिवसांत तयार होतो आणि पुढच्या दहा दिवसांत पोकळ पडतो, म्हणून दर पंधरा दिवसांनी अर्ध्या मीटरची एकच ओळ पुरते. पालक आणि कोथिंबीर उष्णता व लांब दिवस सुरू झाले की फुलोऱ्यावर जातात. त्या काळात पाणी कितीही दिलं तरी ते टळत नाही, जागा दुसऱ्या पिकाला द्यावी.

गाजराबद्दल थोडं सविस्तर, कारण सर्वांत जास्त निराशा इथेच होते. बी एक सेंटिमीटर खोल पेरायचं. ते उगवायला दहा ते वीस दिवस लागतात आणि तेवढे सगळे दिवस वरची माती ओली राहायला हवी. फेऱ्यांमध्ये तीन दिवसांचं अंतर असेल तर पृष्ठभाग वाळतो, पापुद्रा धरतो आणि खाली फुटलेला कोंब तिथेच मरतो. बी खराब निघालं असं मग वाटतं. उपाय साधा आहे: पेरण्याआधी चरात भरपूर पाणी द्या, बी टाका, माती ओढा आणि वर ओलं गोणपाट अंथरा. पाचव्या दिवसापासून प्रत्येक फेरीत ते उचलून पाहा, आणि पहिला हिरवा कोंब दिसताच काढून टाका. आणखी राहिलं तर रोपं पिवळी आणि लांबट होतात. रोपं बोटभर झाली की विरळणी करून पाच सेंटिमीटर अंतर ठेवा. गाजराचं रोप उपटून दुसरीकडे लावू नये, मुळाला वाक येतो.

पाणी आणि टोमॅटो

रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा खोल पाणी द्या, दर वेळी चौरस मीटरला 12 लिटरच्या आसपास. नंतर बोट घालून पाहा. दहा सेंटिमीटरखाली माती कोरडी असेल तर पाणी पोचलेलंच नाही. ओल्या मातीवर वाळलेलं गवत किंवा पेंढा पाच-सात सेंटिमीटर जाड पसरा. हे आच्छादन तुम्ही नसताना ओल धरून ठेवतं आणि तणही दाबतं. ते रोपाच्या बुंध्याला मात्र टेकवू नका, तिथे कूज धरते.

पाणी अनियमित झालं की टोमॅटो लगेच सांगतो. फळाचं बूड काळं, चामड्यासारखं होतं. हा रोग नाही. कॅल्शियम पाण्याबरोबर फळापर्यंत जातं आणि पाणी तुटलं की तेही तुटतं. मातीत बहुधा कॅल्शियम असतंच, म्हणून अंड्याची टरफलं पुरून त्या हंगामात काही होत नाही. काळी पडलेली फळं तोडा, पाण्याच्या पाळ्या सारख्या करा. पुढची फळं बहुतेक वेळा चांगली येतात. बऱ्याच कोरड्या दिवसांनंतर एकदम जोराचं पाणी दिलं तर पिकत आलेली फळं तडकतात.

उंच वाढणाऱ्या जातींना 60 सेंटिमीटर अंतर ठेवा. दीड-दोन मीटरची काठी रोप लावतानाच रोवा, नंतर रोवली तर मुळं तुटतात. पान आणि खोडाच्या बेचक्यातून येणारी बगलफूट बोटभर असतानाच खुडा. फुलं गळत असतील तर तापमान पाहा: दिवसा 35 अंशांच्या वर किंवा रात्री 13 अंशांच्या खाली फळ नीट धरत नाही. अशा वेळी जास्तीचं नत्र दिलं तर पालाच वाढतो.

कीड-रोग

प्रत्येक फेरीची पहिली पाच मिनिटं पानांच्या मागच्या बाजूसाठी ठेवा. कोबी-फ्लॉवरच्या पानांखालची पिवळी अंडी बोटाने चिरडणं हे नंतरच्या अळ्या वेचण्यापेक्षा फार सोपं असतं. जाळी लावणार असाल तर लागवडीच्या दिवशीच लावा. पाच-सात मिलिमीटरच्या जाळीतून पांढरी फुलपाखरं जात नाहीत, पण चौकोनी ठिपक्यांचा पतंग जातो. तो त्रास देत असेल तर दीड मिलिमीटरपेक्षा बारीक जाळी लागते. जाळी पानांना टेकली तर फुलपाखरू बाहेरून अंडी घालतं, म्हणून कमानी उंच ठेवा.

माव्यावर आधी पाण्याचा जोरदार फवारा मारा. तरी राहिला तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि एक-दोन मिलिलिटर सौम्य साबण घालून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. भर उन्हात फवारलं तर पानं भाजतात.

सामायिक बागेत रोग बहुधा बुटांच्या आणि अवजारांच्या मातीतून येतात. कोबीवर्गाच्या मुळांना वेड्यावाकड्या गाठी आणणारा रोग एकदा शिरला, की त्याचे बीजाणू मातीत दहा वर्षांहून जास्त टिकतात. उसनं आणलेलं खोरं धुऊनच वापरा आणि कोबीची रोपं शक्यतो स्वतः तयार करा. चुना घालून मातीचा सामू (pH) सातच्या थोडा वर नेला तर हा रोग कमी होतो, जात नाही. एका कुळातली पिकं त्याच वाफ्यात तीन वर्षांच्या आत परत घेऊ नका. टोमॅटो, वांगी, मिरची आणि बटाटा हे एकच कूळ आहे हे विसरलं जातं.

दुधी, दोडका, काकडी यांचं फळ कडू लागलं तर ते शिजवूनही खाऊ नका. त्यातला कडू घटक विषारी असतो आणि शिजवल्याने जात नाही.

दोन आठवडे बाहेर जाणार असाल, तर निघण्याच्या आदल्या दिवशी तोडण्याजोगं सगळं तोडा, बोटाएवढ्या काकड्यासुद्धा. खोल पाणी द्या, आच्छादन जाड करा. शेजारच्या तुकडेवाल्याला पाणी द्यायला सांगताना, तयार होईल ती भाजी त्यांनी घरी न्यावी असंही स्पष्ट सांगा. तसं सांगितलं नाही तर संकोचाने ते तोडत नाहीत, आणि परत आल्यावर वेलावर जून काकड्या लटकलेल्या आणि फुलं थांबलेली दिसतात.