सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज स्वस्त आहे म्हणून डोळे झाकून घेताय? या चुका टाळा

बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की बीडपासून हिंगोलीपर्यंत घराघरांत एकच बोलणं सुरू होतं: "सरकारी लागलं तर इंजिनिअरिंग, नाही तर बीएस्सी." पेरणीच्या तोंडावर बियाणं-खताचे पैसे उभे करताना जीव मेटाकुटीला आलेला असतो, त्यात लाखाची फी कोण भरणार? इथपर्यंत सगळं बरोबर. घोटाळा पुढे होतो. कॉलेज सरकारी आहे म्हटल्यावर बाकी काही विचारायचंच नाही, असं ठरवल्यासारखे लोक वागतात. स्वस्त कॉलेज जरूर घ्या, पण ते तुमच्या घराला चार वर्षांत खरंच स्वस्त पडतंय का आणि त्या पैशात पोराला कोणता विभाग मिळतोय, हे मोजून घ्या.

कॉलेज नक्की कोणत्या गटातलं?

मराठवाड्यात जिल्हे आठ, पण लोकांच्या तोंडी असलेली मोठी नावं दोनच. एक छत्रपती संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, १९६० सालचं. दुसरी नांदेडजवळच्या विष्णुपुरीची श्री गुरु गोबिंदसिंघजी संस्था, १९८१ सालची, जिला सगळे एसजीजीएस म्हणतात. पहिलं शासकीय, दुसरी शासन अनुदानित. दोन्ही स्वायत्त आहेत, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांच्या त्यांच्या. एकाच्या फीवरून दुसऱ्याच्या फीचा अंदाज बांधणं ही पहिली चूक. जालन्यात मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचं केंद्र २०१८ पासून आहे, पण ते सुरू झालं पाच वर्षांच्या एकात्मिक एमटेकसाठी. नेहमीचा चार वर्षांचा बीटेक समजून तिकडे जाऊ नका.

बाकी गावोगावच्या फ्लेक्सवर 'शासनमान्य', 'एआयसीटीई मान्यताप्राप्त' (एआयसीटीई म्हणजे तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) असं ठळक लिहिलेलं असतं. तेवढी मान्यता खासगी विनाअनुदानित कॉलेजलाही लागतेच, त्यात विशेष काही नाही. राज्याचे प्रवेश बघणाऱ्या सीईटी सेलच्या यादीत प्रत्येक कॉलेजच्या नावाखाली त्याचा दर्जा छापलेला असतो: शासकीय, अनुदानित, विद्यापीठ विभाग, विनाअनुदानित. तेवढी एक ओळ वाचा. कॉलेजच्या कोडचा पहिला आकडाही बघा (पुढे शून्य असेल तर तो सोडून). २ ने सुरू होणारे कोड छत्रपती संभाजीनगर विभागाचे, ६ ने सुरू होणारे पुणे विभागाचे. 'शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय' याच नावाची कॉलेजं अमरावती, जळगाव, कराड, यवतमाळ, चंद्रपूर अशी राज्यभर आहेत. नेटकॅफेत रात्री अकराला घाईघाईने फॉर्म भरताना नाव जुळलं की क्लिक होऊन जातं.

फीची पावती आणि घरचा खर्च

सगळ्यात जास्त गफलत इथे होते, म्हणून जरा सविस्तर.

मुलगी असेल तर आधी हे वाचा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, आणि ही माफी खासगी कॉलेजलाही लागू आहे. अट एकच मोठी: प्रवेश कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, झाला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की माफी गेली. याचा अर्थ असा, की अनेक घरांत मुलीसाठी सरकारी आणि खासगी कॉलेजमधला फीचा फरक पूर्वीएवढा उरलेला नाही. तरीही "सरकारी आहे, स्वस्त आहे" म्हणून मुलीला नको असलेल्या ब्रँचला दूर पाठवणारे पालक आहेत, आणि बरोबरीने "आता सगळंच फुकट" समजून विकास शुल्क, होस्टेल, मेस विसरणारेही आहेत. माफी या तिन्हींची नाही.

मुलांचं गणित वेगळं. खुल्या गटातल्या, ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळते, एका कुटुंबातल्या दोन अपत्यांपर्यंत. ओबीसी मुलांनाही निम्मी. इतर प्रवर्गांच्या सवलती याहून वेगळ्या आहेत. शिवाय प्रत्येक ब्रँचला टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या, ५ टक्के जादा जागा असतात. त्या जातीवर नाही, गुणवत्तेवर भरतात, उत्पन्नाची अट तीच ८ लाखांची. इथली ठरलेली चूक अशी की पालकांना वाटतं, उत्पन्नाचा दाखला जोडला की ही जागा आपोआप मिळेल. तसं होत नाही. टीएफडब्ल्यूएसचा चॉइस कोड वेगळा असतो आणि तो ऑप्शन फॉर्ममध्ये, म्हणजे कॉलेज-ब्रँचची पसंती क्रमाने भरायच्या अर्जात, वेगळा टाकावा लागतो. कटऑफही बहुधा वर असतो. सरकारी कॉलेजात शिक्षण शुल्कच कमी असल्यामुळे या जागेचा फायदा छोटा, खासगीत तो मोठा. म्हणून हा कोड खासगीच्या पर्यायांना तर नक्की जोडा.

आता राहण्या-खाण्याचं. मेस महिन्याला ३,००० धरली तरी दहा महिन्यांचे ३०,०००, चार वर्षांचे १,२०,०००. त्यात खोलीभाडं, परीक्षा शुल्क, लॅपटॉप, सणाला गावी येणं-जाणं आलं. सरकारी कॉलेजच्या होस्टेलच्या खाटा मोजक्या असतात आणि त्या गुणवत्तेने, प्रवर्गाने वाटल्या जातात. "होस्टेल तर मिळेलच" यावर घरचं बजेट बसवू नका. होस्टेल नाही मिळालं तर पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जातींसाठी स्वाधार, आदिवासी मुलांसाठी स्वयम्, ओबीसी-भटक्यांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहेत. पैसे मिळतात, पण वेळेवर मिळतील असं धरू नका. शिष्यवृत्तीचा हप्ता आधारशी जोडलेल्या खात्यात येतो, तोही सोयाबीन विकून झाल्यावर कधीतरी. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवरचा अर्ज दरवर्षी नव्याने भरावा लागतो. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण राहिलं म्हणून पूर्ण फी भरायची वेळ आलेली पोरं प्रत्येक कॉलेजात सापडतात. पहिल्या वर्षाचा खर्च हातात असेल, तरच पुढचं बोला.

कटऑफ वाचताना

गेल्या वर्षी शेजारच्या पोराला ९२ पर्सेंटाइलला मिळालं, मग आपल्यालाही मिळेल. हे ऐकून कान किटले. त्याचा प्रवर्ग कोणता, प्रवेशाचा राउंड (फेरी) कितवा, ब्रँच कोणती, हे कुणी विचारत नाही. कटऑफ यादीत जागेच्या प्रकाराचा कोड असतो. त्याचं पहिलं अक्षर जी असेल तर सर्वसाधारण, एल असेल तर मुलींच्या जागा. शेवटचं अक्षर एस असेल तर राज्य पातळी, एच असेल तर होम युनिव्हर्सिटी (कॉलेज ज्या विद्यापीठाच्या हद्दीत, तिथल्याच पोरांच्या जागा), ओ असेल तर बाहेरची. तीन वर्षांच्या शेवटच्या राउंडचे आकडे शेजारी मांडा, मगच अंदाज करा.

होम युनिव्हर्सिटी ठरते ती तुमच्या गावावरून नव्हे, बारावी जिथून केली त्या ठिकाणावरून. लातूर पॅटर्नच्या भरवशावर अंबाजोगाई, केज, कळंबची पोरं अकरावी-बारावीला लातूरला जातात. घर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या हद्दीत आणि बारावी स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाच्या हद्दीत, अशी त्यांची स्थिती होते. पुण्याहून बारावी केलेल्याची होम युनिव्हर्सिटी पुणे. उदगीर-देगलूरकडची पोरं सीमेपलीकडे बीदरला शिकली असतील, तर त्यांनी उमेदवारीचा प्रकार माहितीपुस्तिकेत आधी तपासावा. आणि शासकीय स्वायत्त कॉलेजच्या जागा राज्य पातळीवर भरल्या जातात, त्यामुळे "आपल्या भागातलं कॉलेज, आपल्याला सोपं जाईल" हा हिशेब तिथे चालत नाही. संभाजीनगरच्या जागेसाठी नाशिक-सोलापूरचं पोरगंही तुमच्याच रांगेत आहे.

पहिला पर्याय आणि अडकलेला प्रवेश

ऑप्शन फॉर्मचा क्रम लोक भीतीने लावतात. "वर मोठं टाकलं तर खालचं हातचं जाईल" हा गैरसमज घट्ट बसलाय. वरचा पर्याय मिळाला नाही म्हणून खालच्या पर्यायावरचा तुमचा हक्क कमी होत नाही, तिथे तुमचा मेरिट नंबरच बघितला जातो. उलट धोका दुसरीकडे आहे. पहिल्या राउंडला पहिलाच पर्याय मिळाला, तर तो आपोआप फ्रीझ होतो आणि पुढच्या राउंडची दारं बंद. २०२५-२६ पासून चार राउंड झाले आणि नियम आणखी कडक झाला: दुसऱ्या राउंडला पहिल्या तीन पर्यायांपैकी, तिसऱ्याला पहिल्या सहांपैकी काही मिळालं की तेही पक्कं.

समजा परभणीच्या एका मुलाला इलेक्ट्रॉनिक्स हवंय. घरचे म्हणतात, आधी सरकारी सिव्हिल टाकून ठेव, नंतर बदलू. तो ते पहिल्या क्रमांकाला टाकतो, जागा मिळते आणि विषय संपतो. तेच सिव्हिल चौथ्या-पाचव्या क्रमांकाला असतं, तर पहिल्या राउंडला ते मिळूनही दुसऱ्या राउंडला वरच्या पर्यायांची वाट बघता आली असती. राउंडचे नियम बदलत राहतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचा, काकांचं ऐकू नका. दुसऱ्या वर्षी ब्रँच बदलून मिळेल या आशेवर प्रवेश घेणं त्याहून वाईट. ती जागा रिकामी लागते, पहिल्या वर्षाचे गुण वरचे लागतात, आणि रांगेत वर्गातली सगळी हुशार पोरं उभी असतात.

कॉलेज बघू नका, विभाग बघा

जुनी दगडी इमारत, मोठं आवार, सत्तरच्या दशकात पास झालेल्या मोठ्या साहेबांची नावं. छान आहे सगळं, पण तुमचं पोरगं चार वर्षं एका विभागात बसणार आहे. त्या विभागात शिकवायला कोण आहे? एआयसीटीईचं प्रमाण २० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असं आहे. ६० जागांची ब्रँच म्हणजे चार वर्षांचे २४० विद्यार्थी, म्हणजे १२ शिक्षक हवेत. कॉलेजच्या संकेतस्थळावर 'मँडेटरी डिस्क्लोजर' नावाची फाइल असते. तीत विभागातली नावं मोजा: कायमस्वरूपी किती आणि कंत्राटी किती. शासकीय कॉलेजांत ही पदं एमपीएससीतून भरली जातात आणि भरती रेंगाळली की तासिका तत्त्वावर काम चालतं. तासिकेवरचे शिक्षक वाईट शिकवतात असं मुळीच नाही, पण सेमिस्टरच्या मध्यात त्यांना दुसरीकडे नोकरी लागली की प्रकल्प अर्धा राहतो.

एनबीए म्हणजे राष्ट्रीय मान्यता मंडळ. त्याचं मानांकन कॉलेजला मिळत नाही, एकेका अभ्यासक्रमाला मिळतं आणि त्याला मुदत असते. 'एनबीए प्राप्त' अशी पाटी बघितली की विचारा, कोणत्या ब्रँचला, कधीपर्यंत.

प्लेसमेंटच्या पोस्टरवरचा सर्वांत मोठा पगाराचा आकडा सोडून द्या, तो एका पोराचा असतो. एनआयआरएफला, म्हणजे केंद्राच्या कॉलेज क्रमवारीला, पाठवलेली माहिती कॉलेजला संकेतस्थळावर ठेवावी लागते. तीत किती विद्यार्थी वेळेत पास झाले, किती जणांना नोकरी लागली, मधला पगार किती, किती जण पुढे शिकायला गेले, सगळं दिलेलं असतं. वेळेत पास झालेल्यांचा आकडा आधी बघा. एटीकेटीत अडकलेल्या पोराला बऱ्याच कंपन्या मुलाखतीला बसू देत नाहीत. मेकॅनिकल किंवा प्रॉडक्शन घेणार असाल, तर संभाजीनगरजवळच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कारखान्यांत तिसऱ्या वर्षाची किती पोरं इंटर्नशिपला जातात, हे गेटवर उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांना विचारा. ते खरं सांगतात. जाणार असाल तर मे महिन्यात जा, होस्टेलच्या टाकीत पाणी आहे का तेही कळेल.

दाखले, आणि चूक झालीच असेल तर

निजामकालीन नोंद सापडली, कुणबी दाखला निघाला, घरात पेढे वाटले गेले, आणि जात वैधतेचा अर्ज तसाच राहिला. दरवर्षी असं होतं. दाखला आणि वैधता प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वैधता मुदतीत नसेल, तर नाव खुल्या गटात जाऊ शकतं. बारावीला असतानाच जिल्हा पडताळणी समितीकडे अर्ज करा, पावती जपा. नॉन-क्रिमीलेअरची मुदत बघा. ईडब्ल्यूएसचा दाखला राज्याच्या नमुन्यात हवा, केंद्राच्या नमुन्यातला चालत नाही.

अर्जात प्रवर्ग चुकला, गुण चुकले, टीएफडब्ल्यूएसला होकार द्यायचा राहिला, तर तात्पुरती गुणवत्ता यादी लागल्यावर हरकतीसाठी मोजके दिवस मिळतात. यादीत स्वतःचं नाव उघडून प्रत्येक रकाना वाचा आणि त्याच दिवशी लॉगिनमधून तक्रार टाका. अंतिम यादी लागल्यावर ऐकणारं कुणी नसतं. ऑप्शन फॉर्म चुकीचा भरला पण अजून कन्फर्म केला नसेल, तर मुदतीपर्यंत क्रम कितीही वेळा बदलता येतो. पासवर्ड मात्र नेटकॅफेवाल्याकडे ठेवू नका.