मनोल्यांसाठी फीडर घेताना

मनोल्या म्हणजे मुनिया, दाणे टिपणारी चिमुकली पाखरं. त्यांच्यासाठी फीडर, म्हणजे दाणे भरून टांगायचं भांडं, घ्यायचा म्हणून ऑनलाइन ‘फिंच फीडर’ शोधलं की जी उंच, निमुळती नळी सगळ्यात आधी समोर येते, ती घेऊ नका. ती अमेरिकेतल्या गोल्डफिंचसाठी बनवलेली आहे. तिच्या चिरा इतक्या अरुंद असतात की त्यांतून कारळेच काय ते बाहेर येतात. (आपल्या चटणीचे कारळे तिकडे पाखरांचं महागडं खाणं आहे, आणि भारतातूनही जातं!) आपल्या ठिपकेवाल्या आणि पांढऱ्या कंठाच्या मनोल्यांना लागतो राळा, बाजरी, सालासकट वरी. हे गोल दाणे त्या चिरांत अडकून बसतात. वर फीडर भरलेला दिसतो नि खाली पाखरं उपाशी.

म्हणून आधी दाणा ठरवा, मग भोक बघा. राळा नागपुरात इतवारीत किराण्याच्या ठोक दुकानात मिळतो. पाखरांचं सामान विकणारे त्यालाच कांगणी म्हणतात. उपवासाची भगर मनोल्या खातात, पण साल निघालेलं धान्य पावसाळ्यात फार लवकर बुरशी धरतं. दुकानातच मूठभर राळा फीडरमध्ये टाकून हलवून पाहा. दाणा सहज सरकला पाहिजे, पण आपोआप सांडता कामा नये.

दुसरी गोष्ट बसायच्या जागेची, आणि माझ्या मते खरी निवड इथेच आहे. मनोली एकटी येत नाही. थवा येतो, आणि एकमेकींना अगदी खेटून बसतो. दोन भोकांचा मोठा, देखणा फीडर त्यांच्या काहीच उपयोगाचा नाही. चार-सहा भोकांचे दोन लहान फीडर जवळजवळ टांगलेले कधीही बरे. दांडी पेन्सिलीपेक्षा जाड नको. जेमतेम पंधरा ग्रॅमचं हे पाखरू एरवी गवताच्या काडीला धरून खातं. दांडी आखूडही हवी. नागपुरात गच्चीवर काही ठेवलं की पहिला हक्क पारव्यांचा, आणि त्यांना आखूड दांडीवर तोल सावरत नाही. तरीही ऐकले नाहीत, तर फीडरभोवती साधारण 4 सेंटिमीटर चौकोनाची जाळी लावा. मनोल्या नि चिमण्या आत जातात, पारवे बाहेर गुटर्गू करत बसतात. मात्र खालचा पसरट ट्रे काढून टाका, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

उन्हाचं काय, हे नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, तेव्हा लोखंडी दांडीला आपणच हात लावू शकत नाही. दांडी लाकडाची किंवा बांबूची घ्या. फीडर पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या सावलीत, मधुमालती किंवा मेंदीच्या कुंपणापासून साधारण दोन-तीन मीटर अंतरावर टांगा. शिक्रा हा शिकारी पक्षी आला की थवा एका झेपेत झुडपात शिरला पाहिजे. पण झुडूप फार जवळ असेल तर मांजरीची सोय होते. शेजारी पाण्याचं उथळ मातीचं ताट असू द्या. उन्हाळ्यात दाण्यापेक्षा त्याचीच ओढ जास्त.

जूनमध्ये पाऊस लागला की झाकण नळीपेक्षा चांगलं रुंद आहे का, तळाला पाणी निथळायला भोकं आहेत का, हे बघा. तळ उघडता येत नसेल तर तो फीडर फुकट मिळाला तरी नको, कारण ओला राळा तिथे आंबतो आणि कोंबही धरतो. आठवड्यातून एकदा गरम पाण्याने धुऊन कडक वाळवायचा.

एक फसगत टाळा. मनोली दाणा सोलून खाते आणि साल तिथेच टाकते. लांबून फीडर भरलेला वाटतो, पण वर नुसता कोंडा असतो. भरण्याआधी एक फुंकर मारा. कोंडा उडाला की खरा शिल्लक माल दिसतो, मग तेवढ्याच हिशेबाने एका दिवसाचा दाणा घाला. सप्टेंबर-ऑक्टोबरात अंबाझरी तलावाकडचं गवत बियांवर येतं, तेव्हा थवा तिकडेच रमतो. त्या दिवसांत एकच फीडर चालू ठेवा, तोही अर्धा.